दोरीपलीकडची माणसं

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक मैदान आहे. पूर्वी ते आताच्या दुप्पट होतं. एका अंगाने नवा रस्ता गेला, दुसऱ्या अंगाला टॉवर उभे राहिले, मधला तुकडा मात्र अजून मोकळा आहे. गेल्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी मी तिथे गेले. शनिवारची दुपार होती, टँकरवाला लाल मातीवर पाणी मारत होता आणि पत्र्याच्या शेडखाली कुणीतरी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी चालू करून बघत होतं. रिक्षातून उतरले आणि तो वास आला. भिजलेला मुरूम, आणि त्यावर जळलेल्या टूटी ऑइलचा निळसर धूर. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ते तेल. माझा एक पाय अजून रिक्षातच होता.

"मॅडम, इथेच ना?" रिक्षावाल्याने विचारलं.

"इथेच," मी म्हटलं.

आमच्या घरी हिवाळा ह्याच वासाने यायचा. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमच्या दोन खोल्या आणि खाली रस्त्यालगत दादाचं गॅरेज. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दिवाळी आटोपली की तो गिऱ्हाइकांच्या गाड्या लवकर आवरायचा आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली स्वतःची गाडी बाहेर काढायचा. हेडलाइट काढलेला, आरसे काढलेले, मडगार्ड उंच बसवलेलं, सीट भलत्याच कुठल्यातरी गाडीची. पुढे पत्र्यावर पांढऱ्या रंगाने काढलेला सात आकडा. तो मी काढला होता. सातचं शेपूट जरा जास्तच लांबलं होतं, पण दादाने ते कधी पुसू दिलं नाही. संध्याकाळी तो चेन रॉकेलमध्ये धुवायला बसायचा. वरून आई ओरडायची, "माझ्या स्टोला ठेव जरा," पण ओरडून झाल्यावरही ती खिडकीतच उभी असायची.

महिन्यातून एका रविवारी रेस. डर्ट रेस. म्हणजे मैदानात मातीचे उंचवटे रचायचे, वळणं घालायची, कडेला जुने टायर लावायचे आणि त्यातून मोटारसायकली पळवायच्या. पळवणारे सगळे दादासारखेच. कोणी मेकॅनिक, कोणी कुरिअरवाला, आरे कॉलनीतून दूध पोचवणारे दोघे भाऊ, गोरेगावला स्टुडिओत लाइट उचलणारा एक. आठवडाभर दुसऱ्यांची कामं करायची आणि रविवारी सकाळी हेल्मेट डोक्यात घालायचं. ट्रॅक आखायचे ते सावंतकाका. शाळेत पीटीचे सर होते, मूळचे मालवणकडचे, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मैदान धरलं. पहाटे येऊन ते फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचे, वळणावळणावर ओली पोती टाकायचे आणि सगळ्यात शेवटी, प्रेक्षकांनी आत येऊ नये म्हणून, ट्रॅकभोवती काथ्याची दोरी बांधायचे.

मी एकोणीस वर्षांची असताना दादाने मला माइकवर उभं केलं. आमच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मीच करायचे, आवाज बरा होता. तेलाच्या तीन रिकाम्या डब्यांचं व्यासपीठ, भोंगे दोन, त्यातला एक खरखरणारा. पहिल्या दिवशी मी "उपस्थित सर्व मान्यवर आणि प्रेक्षकहो" असं म्हटलं आणि समोर बघितलं. दोरीपलीकडे चार मेकॅनिक, एक चहावाला, आणि रोज फिरायला येणारे एक आजोबा, जे आज फिरता येत नाही म्हणून रागावून दगडावर बसले होते. त्यांच्या मागे मैदानातली कुत्री. माझा आवाज डोंगरावर जाऊन परत माझ्याकडेच आला.

पण रेस सुंदर होती, हे सांगायलाच हवं. सुरुवातीचा झेंडा पडायच्या आधी बारा गाड्या एकदम गुरगुरायच्या तेव्हा माझ्या पायाखालचे डबे थरथरायचे. मग झेंडा पडला की मातीची एक भिंत उठायची आणि त्या भिंतीतून एकेक गाडी उंचवट्यावरून वर, हवेत. हवेत असताना इंजिनाचा आवाज बदलतो. जमिनीवर जड असतो, हवेत एकदम बारीक, मोकळा होतो. मी डोळे मिटून सांगू शकायचे कोण उडालं. हे सगळं एवढं जवळ, घरापासून वीस मिनिटांवर, आणि बघायला कोणी नाही, ह्याचं मला फार वाईट वाटायचं. वाईट म्हणजे, राग यायचा.

जानेवारीत सावंतकाका गॅरेजवर आले. मैदान एका ट्रस्टचं होतं आणि त्यांच्या कार्यालयातल्या माणसाने निरोप दिला होता. फेब्रुवारीची रेस होऊ दे, पण त्यानंतर ट्रॅक सपाट करणार. जिथे कोणी फिरकत नाही अशा गोष्टीसाठी एवढी जागा अडवून ठेवता येत नाही.

"असं कसं," दादा म्हणाला.

"त्यांचा काय चुकला?" काका स्टुलावर बसत म्हणाले. "मी दोरी बांधतंय खरी, पण पलीकडे उभा कोण रवता? कुत्रे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गो, तू एवढा बोलतंस माइकवर. लोकांक घेऊन ये ना."

ते थट्टेत म्हणाले असतील. मी मनावर घेतलं.

सुरुवात घरापासून केली. आई शाळेत सेविका होती, रविवार तिचा एकच मोकळा दिवस. बाबा गेल्यापासून तो दिवस ती घरातच काढायची, तरी जानेवारीच्या रेसला तिला हट्टाने घेऊन गेले. दुसऱ्याच फेरीला बघते तर ती ट्रॅककडे पाठ करून मटार सोलत बसलेली. घरून पिशवीत घेऊन आली होती.

"आई, अगं तुझा मुलगा चाललाय तिकडे."

"कुठला?" ती म्हणाली. "सगळ्यांच्या डोक्यावर टोपलं. तोंड दिसत नाही, धुळीत आकडा दिसत नाही. कोणाला बघू? कोणासाठी जीव खालीवर करू, ते तरी कळायला पाहिजे ना?"

मी त्या रात्री झोपेपर्यंत तेच ऐकत राहिले. कोणासाठी जीव खालीवर करू. आम्ही फलकावर लिहायचो, रविवारी मोटारसायकल रेस, सकाळी नऊ. त्यात माणूसच नव्हता. गाडी बघायला कोण येतं? गाड्या रस्त्यावर रोज दिसतात.

मग तो महिना. माझ्या आयुष्यातला तो एक महिना मला आजही दिवसागणिक आठवतो. दादाच्या मित्राचा टेम्पो होता. दर रविवारी आम्ही त्यात दोन-तीन गाड्या चढवायचो आणि एकेका वस्तीत जायचो. गाडी उतरवायची, स्टँडवर लावायची, चालवणाऱ्याने हेल्मेट काखेत धरून शेजारी उभं राहायचं. तोंड दिसलं पाहिजे, ही माझी अट. मी भोंगा हातात धरून सांगायचे, हा अमक्याचा मुलगा, हा तमक्या गल्लीतला, हा तीन नंबरच्या वळणावर कधीच ब्रेक लावत नाही. लहान मुलांना सीटवर बसवायचं. बायका लांबून बघायच्या, मग जवळ यायच्या, मग एखादी विचारायची, "लागत नाही का रे पडल्यावर?" तो लाजून कोपर वर करून दाखवायचा. तिथली जुनी खूण बघितली की ती बाई हमखास रेसची वेळ विचारून घ्यायची.

आरेमध्ये गेलो तेव्हा सकाळचं धुकं अजून झाडांत होतं. तबेल्यातून ओल्या गवताचा आणि शेणाचा उबदार वास येत होता, लांबून बादल्यांचा आवाज. दूधवाल्या भावांचे काका म्हशी धुता धुता म्हणाले, "हे पळतात होय तिकडे? मला वाटलं सकाळची दुधाची लाइन टाकून झोपतात."

आणि वर्सोवा. तिथे हिरा होती.

हिरा डिसेंबरच्या रेसला पहिल्यांदा आली होती, वडिलांची गाडी घेऊन. बंदरावरून अंधेरीच्या बाजारात मासळीच्या पाट्या न्यायची तीच गाडी, आणि ती चालवायचीही हिराच. भरतीच्या ओल्या वाळूत, मागे पाट्या बांधून गाडी चालवायची सवय, त्यामुळे आमच्या मुरमावर तिचं मागचं चाक कितीही घसरलं तरी तिला त्याचं काही वाटायचं नाही. मुलांनी आधी तोंडं वाकडी केली होती. सावंतकाकांनी तिला एकटीला तीन फेऱ्या मारायला लावल्या, घड्याळ बघितलं आणि नाव लिहून घेतलं. माझ्यापेक्षा वर्षाने लहान. आमची लगेच गट्टी जमली. ती वडिलांचा लाल चौकड्यांचा रुमाल हेल्मेटला बांधायची.

कोळीवाड्यात आम्ही टेम्पो लावला तेव्हा काठ्यांवर बोंबील वाळत होते, ओळीने, उन्हात चमकत. होड्यांना रंग देणं चाललं होतं. भोंगा लावायची गरजच पडली नाही. हिराची आय डोक्यावरची पाटी खाली ठेवून मोठ्याने म्हणाली, "माजी पोरी हाय. येत्या रविवारी पलतेय. मना त्यातला काय कलत नाय, पन तुमी सगल्यांनी यायचा." आणि झालं.

माझ्या वस्तीत मी स्वतः दारोदार गेले. आईने महिला मंडळाला सांगितलं. ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं. म्हणाली, "माझी पोरगी बोलते तिथे. ऐकायला या."

फेब्रुवारीच्या त्या रविवारी सावंतकाकांनी पहाटे नेहमीसारखी दोरी बांधली. आठ वाजले, कोणी नाही. साडेआठला आजोबा आले आणि दगडावर बसले. मी डब्यांवर उभी. मग रस्त्यावर एक टेम्पो वळला. त्यातून लुगड्यांचे पिवळे, हिरवे, केशरी रंग उतरायला लागले. अंबाड्यांत फुलं, हातात डबे, मागून पुरुष, पोरं. त्यांच्या मागे आरेवाले मोटारसायकलींवर, एकेकीवर तिघं, आणि गोरेगावच्या स्टुडिओतली पोरं. मग आमची वस्ती, चटया काखेत धरून. दहा मिनिटांत दोरीच्या पलीकडे माती दिसेनाशी झाली. काकांनी शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजवायची विसरले.

मी बोलायला लागले. उपस्थित मान्यवर वगैरे काही नाही. मी म्हटलं, सात नंबर, घाटकोपरचा, त्याची आई तिथे निळ्या साडीत बसलीय. लोक वळून आईकडे बघायला लागले आणि आईने पदराने तोंड झाकलं. मटार नव्हते त्या दिवशी. दादा तिसरा आला. आमची वस्ती उभी राहून ओरडली, आणि मग, हे मी विसरणार नाही, चटया गुंडाळायला लागली. त्यांचं काम झालं होतं. त्यांचा मुलगा पळून झाला होता. डब्यांवरून मला दिसत होतं, दोरीच्या एका बाजूचं गर्दीचं टोक सुटायला लागलं होतं, आणि झाडाखाली ट्रस्टच्या कार्यालयातला तो माणूस हाताची घडी घालून ते बघत होता. मी माइकवर थांबा म्हटलं, अजून चार रेस आहेत म्हटलं. कोणी ऐकेना.

पुढची रेस हिराची. अकरा मुलगे आणि ती. पहिल्या दोन फेऱ्या ती चौथी होती. शेवटच्या फेरीत, ट्रॅकच्या लांबच्या टोकाला, उंचवट्यावरून उतरताना तिचं पुढचं चाक मातीत रुतलं आणि ती गाडीवरून पुढे गेली. कोळणींच्या बाजूने एकच आवाज आला. ती उठली. गाडी उचलली. किक मारली. पुन्हा मारली. पडल्यामुळे इंजिनात जास्तीचं पेट्रोल शिरलं होतं, गाडी चालू होईना. तोवर बाकीचे सगळे झेंड्याखालून गेलेसुद्धा.

दादा ट्रॅकच्या कडेला होता, तो धावत गेला. तो हँडलला हात घालणार तेवढ्यात ती म्हणाली, हे त्याने मला नंतर सांगितलं, "हात लावू नको. दुसऱ्याने हात लावला की मी बाद."

"अगं, रेस संपली. सगळे गेले."

"माझी नाही संपली."

आणि तिने गाडी ढकलायला सुरुवात केली. अर्धा ट्रॅक बाकी होता, त्यात चढाव. ओला मुरूम, त्यात बुटं घोट्यापर्यंत जातात. मी हातातला माइक खाली केला. भोंग्यातून नुसती खरखर. आणि त्या शांततेत लोकांना तिच्या गाडीची चेन ऐकू येत होती, कट कट कट. चटया काखेत धरून निघालेली आमची माणसं थांबली. मागे वळली. परत दोरीशी आली. कोणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, "कोण आहे ती? नाव काय?"

मी माइकवर म्हटलं, "हिरा. वर्सोव्याची."

पहिली टाळी कोणाची ते मला माहीत नाही. आई म्हणते तिची नव्हती, पण ती असं काही कबूल करणारी बाईच नाही. मग हिराच्या एकेका पावलाला टाळी पडायला लागली. घाटकोपरच्या बायका, म्हशींवाले काका, स्टुडिओतली पोरं, सगळे. चढावावर ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा टाळ्या थांबल्या, तिने पाऊल उचललं की परत सुरू. सावंतकाकांनी झेंडा खाली केला नव्हता. ती त्याखालून गेली तेव्हा ती बारावी होती, बारांत बारावी, आणि त्या मैदानात त्या दिवशी पहिला कोण आला हे कोणालाही आठवत नाही.

हिराची आय दोरी ओलांडून आत गेली. काकांनी तिला अडवलं नाही. तिने पोरीच्या तोंडावरची माती हाताने पुसली आणि म्हणाली, "पानी पी आधी."

आमच्या वस्तीने चटया पुन्हा अंथरल्या. डबे उघडले. कोळणींनी सुक्या जवळ्याची चटणी इकडे पाठवली, आईने तिकडे भाकरी पाठवल्या. शेवटची रेस होईपर्यंत कोणी हललं नाही. आजोबा दगडावरून उठून दोरीशी आले होते आणि शेजारच्या माणसाला रागानेच सांगत होते की वळणावर आतून जायला पाहिजे, बाहेरून नाही.

आठवड्याने ट्रस्टचा माणूस काकांकडे आला आणि त्याने फक्त एवढंच विचारलं की पुढच्या वर्षी तारखा कोणत्या. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांनी मालवणीत एक शिवी दिली आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यानंतर नऊ हिवाळे मी त्या डब्यांवर उभी राहिले. लग्न झालं, बोरिवलीला गेले, शाळेत नोकरी लागली. काका गेले. दादाच्या गुडघ्याने त्याला थांबवलं, गॅरेज मात्र चालू आहे. आमची टेकडी बदलली, त्या दोन खोल्यांच्या जागी आता नव्या इमारतीचा जिना आहे. टू-स्ट्रोक गाड्या गेल्या, काथ्याच्या दोरीऐवजी लोखंडी कठडे आले, खरखरणारा भोंगा कोणी भंगारात दिला तेही आठवत नाही. हिरा राहिली. ती मढच्या बाजूला मुलामुलींना शिकवते आणि हे मैदान आता तीच सांभाळते. तिनेच फोन केला होता. "ये ना गं. किती वर्षं नुसती येते येते म्हणतेस."

शनिवारी मी मैदान बघून गेले, रविवारी रेसला आले. हिरा सुरुवातीच्या रेषेपाशी होती, कानाला वॉकीटॉकी, केस पांढरे व्हायला लागलेले. माइकवर एक तरुण मुलगी होती, अर्धं मराठी अर्धं हिंदी, झकास बोलत होती. हिराने मला लांबूनच हात केला, माइकपाशी ये म्हणून. मी मानेनेच नाही म्हटलं. मला ह्या वेळी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं होतं. इतक्या वर्षांत मी तिथून रेस कधी बघितलीच नव्हती.

जागा मिळवायला वेळ लागला. उतारावर पायऱ्या कापल्यात आता आणि त्या सगळ्या भरलेल्या. शेवटी दुसऱ्या ओळीत, माझ्याच वयाच्या एका बाईशेजारी मी उभी राहिले. तिच्याबरोबर नवरा, सासूबाई, पाण्याच्या बाटल्या, उपम्याचा डबा. चांगली तयारीने आलेली.

"मुलगा आहे का तुमचा ह्यात?" मी विचारलं.

"नाही हो," ती हसली. "आमच्या घरात कोणाला धड सायकल येत नाही. आम्ही बघायला येतो. दर वेळी. सासूबाईंना फार आवडतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या पुढे वाकून एकटक रेषेकडे बघत होत्या. गाड्या गुरगुरायला लागल्या होत्या. मला काहीतरी बोलायचं होतं त्या बाईशी, पण गाड्यांच्या त्या आवाजात तिला ते ऐकूही आलं नसतं.

एवढ्यात मागच्या ओळीतून कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला.

"ओ ताई, बसा ना खाली. मागच्यांना दिसत नाही."

मी मागे वळून बघितलं. पायऱ्यांवर पार वरपर्यंत, झाडांच्या बुंध्यांपर्यंत माणसं होती, आणि ती सगळी माझ्या डोक्यावरून ट्रॅककडे बघत होती.

मी खाली बसले.